रंग बदलणारी लोकर: एक मफलर आणि दोन कानटोप्या

विणताना धागा न तोडता आपोआप पट्टे पडणारी लोकर मी पहिल्यांदा इथे जर्मनीत पाहिली. कोल्हापुरात आई जी शेडेड लोकर आणायची ती वेगळी. तिच्यात वीत-दोन विती गेल्या की रंग बदलायचा, त्यामुळे विणल्यावर पट्टे न दिसता सगळीकडे ठिपके दिसायचे. याचं कारण लडीत, म्हणजे रंगवण्यासाठी केलेल्या धाग्याच्या गोल वेटोळ्यात आहे. साध्या लडीचा घेर दीड-पावणेदोन मीटरचा असतो. तिचे तीन-चार भाग वेगवेगळ्या रंगांत बुडवले की प्रत्येक रंगाच्या वाट्याला जेमतेम अर्धा मीटर येतो. पट्टे हवे असतील, तर रंगवण्याआधी त्याच धाग्याची कित्येक मीटर घेराची लडी करावी लागते. तरच एक रंग चार-सहा मीटर सलग चालतो आणि मग पुढचा लागतो.

इथे ही लोकर मुख्यतः मोज्यांसाठी विकली जाते. १०० ग्रॅमला साधारण ४२० मीटर, ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के पॉलिअमाइड, म्हणजे नायलॉन. रंगांची लांबी मोज्याच्या साठ-चौसष्ट टाक्यांच्या घेराला धरून बेतलेली असते. मला मात्र नवऱ्यासाठी मफलर आणि दोन्ही मुलांसाठी कानटोप्या करायच्या होत्या, म्हणून मी जाड लोकर घेतली, ४ मिलिमीटरच्या सुयांवर विणायची. गुंड्याच्या कागदावर छान रुंद पट्ट्यांचं चित्र होतं. पण त्या चित्रातला तुकडा किती टाक्यांचा, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि खरी गोम तिथेच आहे.

मी विणायला घेण्याआधी टेप घेऊन बसले. गुंड्याचा थोडा धागा उलगडून एका रंगाची लांबी मोजली, ती सुमारे ६ मीटर भरली. मग वीस टाके घालून चार-पाच ओळी विणल्या. पुढच्या ओळीच्या सुरुवातीला आणि शेवटी धाग्याला शिवणाचा दोरा बांधला, ती ओळ उसवली आणि दोन दोऱ्यांमधलं अंतर मोजलं. ते ३० सेंटिमीटर आलं, म्हणजे माझ्या हाताने एका टाक्याला दीड सेंटिमीटर धागा लागतो. ज्याचा हात घट्ट त्याला कमी लागेल, सैल त्याला जास्त. हे ज्याचं त्यानेच मोजायला हवं, दुसऱ्याचा आकडा उपयोगाचा नाही.

एवढं कळल्यावर बाकी सगळा हिशेब वहीच्या एका पानावर झाला. मफलरला ४० टाके घेतले तर ओळीला ६० सेंटिमीटर, म्हणजे एका रंगात दहा ओळी. ३० टाके घेतले तर तेरा ओळी. मला रुंद पट्टा हवा होता म्हणून ३० वर थांबले. मफलर १५ सेंटिमीटर रुंद झाला, पण गळ्याभोवती दोन वेढे घ्यायला तोच बरा. सगळ्या ओळी सुलट विणल्या, कारण एक ओळ सुलट एक उलट अशी साधी वीण मफलरच्या कडेला गुंडाळली जाते.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ती म्हणाली, "अगं, लांबीतूनच टाके घाल की, ओळी कमी पडतील." तेही मांडून पाहिलं. दीड मीटर लांबीला ३०० टाके, एका ओळीला साडेचार मीटर धागा. दुसऱ्या ओळीच्या एक-तृतीयांशावरच रंग संपणार. तसेही सुंदर दिसतात, बारीक रेघांचे मफलर मी पाहिलेत. फक्त तो वेगळाच मफलर होतो.

मफलर चालू असतानाच एका गुंड्यात गाठ निघाली. निळ्यानंतर हिरवा यायला हवा होता, तर गाठीपुढे थेट पिवळा सुरू. कारखान्यात तुटलेला धागा जोडताना क्रम कोणी पाहिलेला नसतो, आणि एवढ्या किमतीच्या लोकरीत हे मला अजिबात पटत नाही. मी गाठीपाशी धागा कापला, पिवळा सगळा उलगडून बाजूला गुंडाळून ठेवला आणि गुंडा पुढे उकलत हिरव्याच्या तोंडापाशी नेला. मफलरमध्ये तो जोड आता मलाही सापडत नाही.

तो पिवळा टोपीला कामी आला. टोपी ९६ टाक्यांची, वायरच्या सुईवर गोल विणलेली. एका फेरीला १४४ सेंटिमीटर धागा लागतो, त्यामुळे तोच रंग इथे चार फेऱ्यांत संपतो आणि मफलरवरचे रुंद पट्टे टोपीवर बोटभरही उरत नाहीत. पण वर टाके घटवायला लागलं की गंमत सुरू होते. मी एका फेरीआड एका फेरीत आठ टाके कमी करत गेले. घेर जसा लहान होतो, तसा रंग जास्त फेऱ्या पुरतो आणि पट्टे आपोआप रुंदावतात. शेवटचे ४८ टाके उरल्यापासून शेंडा बंद होईपर्यंत मिळून पाच मीटरच्या आसपास धागा लागतो, म्हणजे सगळा शेंडा एकाच रंगाचा होतो. तो रंग कोणता, हे नशिबावर कशाला सोडायचं? ४८ टाक्यांपाशी चालू धागा कापला आणि बाजूला ठेवलेला पिवळा जोडला. धाकटी ती टोपी घरातही काढत नाही. मोठ्याला शेंडा निळाच हवा होता, त्याच्यासाठी गुंड्यातून निळा शोधून काढला.

धुताना कोमट पाणी, लोकरीचा साबण, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि सपाट पसरून वाळवायचं. पिळायचं नाही.

आता आईने बाबांसाठी मफलर सांगितलाय, बारीक पट्ट्यांचा. त्यासाठी जपानच्या नोरो कंपनीची सिल्क गार्डन आणलीय. ४५ टक्के रेशीम, ४५ टक्के मोहेर (अंगोरा शेळीचे केस), १० टक्के लोकर, आणि ५० ग्रॅमला १०० मीटर. दोन वेगवेगळ्या छटांचे गुंडे घेऊन दोन ओळी एकातून, दोन ओळी दुसऱ्यातून, एक टाका सुलट एक उलट असं विणायचं. दोन्हीकडचे रंग आपापल्या गतीने बदलत राहतात, पण पट्टा मात्र दोनच ओळींचा राहतो. टाके ३९ घातलेत, विषम असले की दोन्ही कडांना सुलट टाका येतो.