तुम्ही विचारलंत म्हणून: फॉर्ममध्ये 'येस' का लिहिलं

"अगं पण तू लिहिलंसच कशाला? कोणाला कळणार होतं?" हे मला किती जणांनी विचारलंय त्याची मोजदाद मी सोडून दिलीये. फ्लाइंग क्लबमधली नवी पोरं विचारतात, इथे इंदूरला रामबागेत गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेताना काकू विचारतात, पुण्याची आत्या तर फोनवर "जेवलीस का"च्या आधी विचारते. म्हणजे पायलटच्या नोकरीच्या अर्जात "कधी एखाद्या फ्लाइंग चेकमध्ये फेल झाला आहात का" यापुढे मी येस लिहिलं, ती नोकरी लागली नाही, आणि पुढच्या अर्जात मी परत येसच लिहिलं, हे कोणाच्या डोक्यात बसत नाही.

आधी एक सांगते, मला राजा हरिश्चंद्राची नात समजू नका. पहिल्या अर्जात मी नो लिहिलं होतं. हे आत्यालाही माहीत नाही.

फेल कशी झाले ते सगळ्यांना "लँडिंग बिघडलं" एवढंच माहितीये. मे 2019, दिवसाची जीएफटी, म्हणजे लायसन्ससाठीची जनरल फ्लाइंग टेस्ट. स्लॉट सकाळी सातचा होता पण आधी एअरलाइनची विमानं, मग एक्झामिनर सरांचे फोन, असं करत करत सव्वादहा वाजले. मे महिन्यात इंदूरचे सव्वादहा म्हणजे काय ते इंदूरकरांना सांगायला नको. अडतीस डिग्री, त्यात आपला रनवे समुद्रसपाटीपासून 1850 फुटांवर, म्हणजे विमानाच्या दृष्टीने हवा पाच हजार फुटांच्याही वर असते तेवढी पातळ. हा हिशोब मी पेपरात दहा वेळा केला होता, त्यात मार्कही चांगले होते.

वर सगळं छान झालं. स्टीप टर्न झाले, स्टॉल झाले, फोर्स्ड लँडिंगसाठी हातोदच्या बाजूला शेतही बरं निवडलं, सोयाबीन पेरायच्या आधीची मोकळी जमीन. सर खूश होते, निदान मला तसं वाटलं आणि बहुतेक तिथेच मी मनाने घरी पोचले. शेवटच्या लँडिंगला वेग पाच-सात नॉट जास्त होता. फ्लेअर केलं, म्हणजे टेकायच्या आधी नोज, विमानाचं नाक, हलकं वर घेतलं, तर विमान बसेचना, तरंगतच राहिलं, मी नोज जरा जास्त ओढलं आणि ते परत वर गेलं. बलून झालं. आता इथे काय करायचं ते पहिल्या सोलोच्याही आधी शिकवतात, फुल पॉवर, गो अराउंड, एक चक्कर मारून परत या. चेकमध्ये गो अराउंड केलं म्हणून कोणी नापास करत नाही, उलट डोकं ठिकाणावर आहे म्हणतात. मी काय केलं, नोज खाली दाबलं. पुढचं चाक आपटलं, विमान उसळलं, मी परत दाबलं, परत उसळलं, आणि तिसऱ्यांदा आपटायच्या आधी उजवीकडून आवाज आला, चहा मागावा इतक्या साध्या आवाजात, "आय हॅव कंट्रोल्स."

संपलं. चेकमध्ये एक्झामिनरला कंट्रोल्स घ्यावे लागले की पुढे काही उरत नाही. सरांनी पॉवर दिली, वर घेतलं, पूर्ण सर्किट, म्हणजे रनवेभोवतीची चक्कर, मारलं आणि स्वतः उतरवलं. सहा-सात मिनिटं असतील. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते, पाहुण्यांकडे नेलेल्या लहान मुलीसारखी. सर्किटमध्ये विमानतळाजवळची बिजासनची टेकडी दिसली. तिथे बाबा उभे होते. ते माझ्या प्रत्येक महत्त्वाच्या फ्लाइटला स्कूटर काढून टेकडीवर जायचे, देवीला हात जोडायचे आणि कठड्यापाशी उभे राहून बघायचे. आधीच्या रात्री मीच त्यांना सांगितलं होतं की शेवटचं लँडिंग नीट बघा.

घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "उतरताना जरा उडालं का गं?" मी म्हटलं, "हवा होती." ते "हं" म्हणाले आणि पेपर उघडला. आजतागायत मला हा फॉर्मचा प्रश्न न विचारलेला एकच माणूस आहे, ते बाबा. माझ्या फ्लाइंगसाठी सुदामा नगरचा प्लॉट त्यांनीच विकला होता, तेव्हा विचारायचा हक्क असेल तर त्यांनाच आहे.

क्लबमध्ये इन्स्ट्रक्टर सरांनी समजूत काढली, "बेटा, ये फेल थोड़ी है, इनकम्प्लीट था. कहीं लिखना मत." कागदावर मात्र अनसॅटिसफॅक्टरी होतं. पाच तास नुसती ड्युअल, म्हणजे इन्स्ट्रक्टरला बरोबर घेऊन, सर्किट्स केली, एकोणीस दिवसांनी परत टेस्ट दिली, पास झाले. लॉगबुकात जीएफटीच्या दोन नोंदी आहेत, ज्याला वाचता येतं त्याला दिसतात.

मग डिसेंबरमधला तो पहिला अर्ज. त्या वर्षी एप्रिलमध्ये जेट एअरवेज बंद पडली होती, हजारो तासांचे अनुभवी पायलट आमच्यासारख्या दोनशे तासवाल्यांच्याच रांगेत उभे होते. अशा रांगेत मी हात वर करून सांगू की मी फेल झालेय? इनकम्प्लीट हा शब्द कामाला आला, मी नो वर टिक केलं. इंटरव्ह्यूच्या शेवटी एक कॅप्टन म्हणाले, फॉर्ममध्ये काही बदलायचंय का? सगळ्यांनाच विचारत असतील. मी म्हटलं, नो सर. पुढे सिम्युलेटरमध्ये माझं रॉ डेटा आयएलएस, म्हणजे ऑटोमॅटिक मदतीशिवाय नुसते काटे बघून रनवेच्या रेषेत उतरणं, इकडेतिकडे गेलं आणि आठ दिवसांनी रिग्रेटची, म्हणजे नकाराची, मेल आली. खोटं पकडलं वगैरे काही नाही. कोणी लॉगबुकाचं ते पान उघडलंसुद्धा नाही.

म्हणजे पकडली गेले आणि सुधारले अशी गोष्ट तुम्हाला हवी असेल तर ती माझ्याकडे नाहीये.

लॉकडाऊनमध्ये घरी बसून अपघातांचे रिपोर्ट वाचायचा नाद लागला. कोलगन या अमेरिकन विमान कंपनीच्या अपघाताचा वाचला. 12 फेब्रुवारी 2009, बफेलोजवळ, पन्नास माणसं गेली. वेग कमी झाल्याची सूचना मिळाली, कंट्रोल कॉलम हातात थरथरायला लागला, अशा वेळी नोज खाली करायचं असतं तर कॅप्टनने वर ओढलं. हा माणूस आधी एकाहून जास्त चेकमध्ये फेल झालेला होता आणि नोकरीच्या अर्जात त्याने सगळे सांगितले नव्हते. त्यानंतर अमेरिकेत 2010 साली कायदा झाला की पायलटांचं असं सगळं रेकॉर्ड एका ठिकाणी ठेवायचं आणि घेण्याआधी कंपनीने ते बघायचं. वाचून मी पहिलं काय केलं असेल तर स्वतःला सांगितलं की माझं वेगळं आहे. त्याने ओढलं, मी दाबलं. त्याचे कितीतरी, माझा एक. 2011 ला आपल्याकडे खोट्या मार्कशीटवर लायसन्स काढलेले पकडले गेले, तसंही माझं काही नाही, माझे मार्क माझेच आहेत. रात्री दोन वाजता गच्चीवर उभी राहून मी स्वतःचीच वकिली करत होते आणि समोर कोणीच नव्हतं.

तेव्हा वाटलं की इनकम्प्लीट म्हणून म्हणून मी ते लँडिंग स्वतःलाही कधी नीट सांगितलेलं नाही. माझा हात घाबरला की दाबतो, हे नोकरी देणाऱ्याला माहीत असायला हवं की नको? मला काय, मला आजही दर फ्लेअरला माहीत असतं.

2021 च्या शेवटी दुसरा अर्ज, येस, खाली सहा ओळी. इंटरव्ह्यू पंचवीस मिनिटांचा, त्यातली पंधरा याच्यावर. एका कॅप्टन मॅडमनी विचारलं, सरांनी कंट्रोल्स घ्यायच्या आधी तुला कळलं होतं का, गो अराउंड करायला हवं म्हणून? मी म्हटलं, कळलं होतं मॅम, पण केलं असतं तर कच्ची वाटले असते. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. रिग्रेट. सगळे म्हणाले, बघ, सांगत होतो. असेलही. पण त्याच इंटरव्ह्यूत मी टर्बाइन इंजिनच्या प्रश्नाला साफ चुकीचं उत्तर दिलं होतं, ते मोजायचं नाही का? कारण कधीच कळवत नाहीत. 2022 ला तिसरा अर्ज, परत येस, आणि यावेळी त्यावर कोणी एक शब्द विचारला नाही, घेतलं. खरं लिहिलं म्हणून लागले असं म्हणायचीही सोय ठेवली नाही.

ती 2019 मधली मी अजून भांडते. म्हणते, तुला आता नोकरी आहे म्हणून खरेपणा परवडतोय. प्लॉट तुझ्या बापाने विकला होता, तुझ्या तत्त्वांनी नाही. म्हणते, तेच लँडिंग दुसऱ्या एक्झामिनरने "एक और मार लो" म्हणून सोडलं असतं, आणि तशा पोरांचे फॉर्म आज स्वच्छ आहेत. यावर माझ्याकडे उत्तर नाहीये. खरंच आहेत. त्यातले दोन माझ्यापेक्षा चांगलं उडवतात आणि एकाबरोबर मी स्वतःच्या मर्जीने बसणार नाही.

जुनियर पोरांनो, तुम्ही काय लिहावं ते मला विचारू नका. फॉर्ममध्ये प्रश्न नेमका काय आहे ते नीट वाचा आणि एक्झामिनरच्या कागदावर जो शब्द आहे तोच वापरा, क्लबने दिलेला नको, एवढं सांगते.

बाकी, मी अजून सुटलेले नाही. त्या पहिल्या कंपनीत आता माझ्याइतके तास उडवलेल्या फर्स्ट ऑफिसरची, म्हणजे को-पायलटची, भरती निघालीये, पगार बरा आहे आणि बेस मुंबई, म्हणजे इंदूरला यायला सोपं. काल रात्री फॉर्म उघडला. फेल झालात का? येस. त्याच्या खालचा प्रश्न, यापूर्वी आमच्याकडे अर्ज केला होता का, असल्यास वर्ष निवडा. यादी उघडली, त्यात 2019 आहे. फॉर्म सेव्ह करून ठेवलाय, शेवटच्या तारखेला अजून आठ दिवस आहेत.