पँथिऑनपाशी उभा असलेला म्हातारा

शनिवार, रात्र

‘उम्बेर्तो डी.’ हा इटालियन सिनेमा संपून तास झाला, पण तो हात डोळ्यांपुढून हलत नाही. पेन्शनमध्ये भागत नाही, भाडं थकलंय, घरमालकीण बाहेर काढायला टपलेली. रोममधल्या पँथिऑन या प्राचीन मंदिराच्या खांबांपाशी म्हातारा बिचकत हात पुढे करतो. एक गृहस्थ थांबून पैसे काढतो, तेवढ्यात हा हात पालथा करतो, जणू पाऊस पडतोय का ते बघत होता. मग टोपी आपल्या कुत्र्याच्या तोंडात देऊन स्वतः खांबाआड लपतो. लाज म्हणजे काय, हे इतकं लख्ख मी दुसऱ्या कुठल्या पडद्यावर पाहिलेलं नाही.

सिनेमाचा दिग्दर्शक व्हित्तोरिओ दे सिका स्वतः तीसच्या दशकातला देखणा, लाडका नट. त्यावर त्याचं आयुष्य सुखात गेलं असतं. पण चेझारे झावात्तिनी या लेखकाच्या साथीने तो साध्या माणसांकडे वळला. ‘बायसिकल थीव्ह्ज’चा (१९४८) नायक म्हणून त्याने कारखान्यातला कामगार घेतला. कॅरी ग्रँटला घ्या, पैसे देतो, असं अमेरिकन निर्माता सेल्झनिक सांगत होता; दे सिका बधला नाही. (किती बरं झालं!) उम्बेर्तो झालेले कार्लो बात्तिस्ती तर भाषाशास्त्राचे प्राध्यापक.

मला मात्र सगळ्यांत जवळचा वाटतो तो मोलकरीण मारियाचा सकाळचा प्रसंग. ती उठते, गॅस पेटवते, भिंतीवरच्या मुंग्यांवर पाणी सोडते, मध्येच स्वतःच्या पोटाकडे बघते. लग्न नाही आणि दिवस गेलेत. खुर्चीत बसून कॉफी दळताना डोळे भरून येतात, आणि त्याच वेळी पाय लांबवून बोटांनी दार लोटायची तिची धडपड चालू असते. गोष्ट तसूभर पुढे सरकत नाही. दुसऱ्या कुणी ही मिनिटं निर्दयपणे कापली असती. एका पोरीची सकाळ पूर्ण बघण्याइतकी मोलाची आहे, हे दे सिकाने मनापासून मानलं.

१९५२ मध्ये सिनेमा आला तेव्हा सरकारातले जूलिओ आंद्रेओत्ती यांनी जाहीर टीका केली: असा इटली जगाला दाखवणं ही देशाची सेवा नव्हे. तिकीटबारीवरही तो पडला. मला त्या टीकेचा आजही राग येतो. न पुरणारं पेन्शन दे सिकाने निर्माण केलं नव्हतं. हा सिनेमा त्याने आपल्या वडिलांना अर्पण केला, त्यांचंही नाव उम्बेर्तोच. बापाच्या नावाने केलेल्या कामात कुणी देशाची बदनामी करायला बसत नाही.