फरशीवर खडूचा आयत

‘आठवीच्या मुलांना अमेरिकेतली गुलामगिरी किती खरी सांगायची?’ हे शिक्षक हमखास विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते: सगळी खरी सांगा, फक्त तिचं नाटक बसवू नका. लिलावाचा प्रवेश, हात बांधून रांगेत बसवणं, असलं काही नको. दोन मिनिटांत वर्ग खिदळायला लागतो आणि ‘गुलाम’ म्हणून नेमका सावळा मुलगा पुढे ढकलला जातो. ते नाव त्याला दहावीपर्यंत चिकटतं.

त्यापेक्षा टेप आणि खडू घ्या. ‘ब्रूक्स’ या लिव्हरपूलच्या जहाजाचा आराखडा इंग्लंडमधल्या गुलामविरोधकांनी १७८८च्या सुमारास छापला. त्यात एका पुरुषाला जागा धरली होती सहा फूट लांब, सोळा इंच रुंद. तेवढा आयत फरशीवर आखा. कुणाला त्यात झोपवू नका. शेजारी बाक सरकवा, पुरे. मग सांगा, की आराखड्यातली ४५४ माणसं ही कायद्याने घातलेली मर्यादा; त्याआधी याच जहाजाने सहाशेहून जास्त नेली होती. इथे वर्ग गप्प होतो. तुम्हीही थोडा वेळ गप्प राहा.

दुसऱ्या तासाला हिशेब. अटलांटिकपार नेण्यासाठी जहाजांवर चढवली सुमारे सव्वा कोटी माणसं, जिवंत उतरली एक कोटी सात लाखांच्या आसपास. त्यातली आजच्या अमेरिकेत थेट उतरवली ती चार लाखांहून कमी. मग १८६०च्या जनगणनेत तिथे साडेएकोणचाळीस लाख गुलाम आले कुठून? मुलांना डोकं खाजवू द्या. याचं उत्तर आहे व्हर्जिनिया या वसाहतीच्या १६६२च्या कायद्यात, जो पुढे इतर वसाहतींनीही गिरवला: आई गुलाम तर मूल गुलाम, मग बाप खुद्द मालक का असेना. हे वाक्य चाचरत म्हणू नका.

त्याच जनगणनेतल्या गुलामांच्या तक्त्याचं एक पान छापून वाटा. मालकाचं नाव आहे. गुलामांचं वय आहे, लिंग आहे, रंग आहे. नावाला रकानाच नाही. कुणीतरी पोर हे स्वतःहून पकडतं, तोवर थांबा.

सर्वांत मोठी चूक शेवटच्या पाच मिनिटांत होते: ‘मग लिंकनने त्यांना मुक्त केलं.’ जणू दान दिलं. पुढे गुलामगिरीविरुद्ध लढलेला फ्रेडरिक डग्लस १८३८ मध्येच गुलामीतून पळून सुटला होता, आणि उत्तर-दक्षिण राज्यांच्या यादवी युद्धात (१८६१–६५) लिंकनच्या बाजूच्या, म्हणजे उत्तरेच्या सैन्यात पावणेदोन लाखांहून जास्त कृष्णवर्णीय सैनिक लढले. हे सांगितलं, की जोतीरावांनी १८७३ची ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना का अर्पण केली, यावर वर्गात खरा वाद घालता येतो.

तिथून ‘मग आपल्याकडे?’ येणारच. येऊ द्या, पण कुणाही मुलाला उभं करून ‘तुझा अनुभव सांग’ म्हणू नका. बिननावाच्या चिठ्ठ्या घ्या आणि आधी एकट्याने वाचा. एखादीत वर्गातलंच टोपणनाव सापडेल. ज्याला ते पडलंय त्याच्याशी वर्गाबाहेर बोलल्याशिवाय तो विषय काढू नका.