आउश्वित्झचा पास आणि आदल्या रात्रीचा मेसेज

सगळ्यात आधी एक पत्ता लिहून ठेवा: व्हिजिट डॉट आउश्वित्झ डॉट ओआरजी. पोलंडमधल्या आउश्वित्झ-बिर्केनाऊ या नाझींच्या छावणीच्या जागी आता स्मारक आहे, त्याचं अधिकृत आरक्षण इथेच होतं. गूगलवर शोधलंत की याच्या आधी भलत्याच साइट्स दिसतात. त्यांचा रंग, फोटो, नाव सगळं इतकं सरकारी थाटाचं असतं की शंकाच येऊ नये. प्रत्यक्षात ते क्राकोव या जवळच्या शहरातून सहली विकणारे मध्यस्थ असतात. 'आउश्वित्झ आणि व्येलिच्काची मिठाची खाण, एकाच दिवसात, हॉटेलवरून पिकअपसह' असली पॅकेजेस तिथे मिळतात. जिथे 11 लाख माणसं मारली गेली तिथून निघायचं आणि जेवून खाणीतली मिठाची झुंबरं बघायची. मी रागात लिहितेय हे उघड आहे. पण अशाच एका कंपनीने आमचा जो खेळ केला त्यानंतर शांतपणे लिहिणं मला तरी जमणार नाही.

आम्ही म्हणजे मी आणि बाबा. मी बर्लिनला नोकरी करते. बाबा कोल्हापूरचे, इतिहासाचे शिक्षक होते, आता निवृत्त. उन्हाळ्यात माझ्याकडे आले होते. त्यांच्या व्हिसाबद्दल लिहिण्यासारखं काहीच नाही, तो सुरळीत मिळाला.

आमच्या इमारतीच्या दारासमोर फूटपाथमध्ये एक पितळी चौकोन बसवलेला आहे, तळहातात मावेल एवढा. जर्मनीत अशा पितळी फरशांना 'श्टोल्परश्टाइन' म्हणतात. गुंटर डेम्निग या कलाकाराने 1990 च्या दशकात हे काम सुरू केलं आणि आता युरोपभर असे एक लाखाहून जास्त दगड आहेत. नाझींचा बळी ठरलेला माणूस स्वखुशीने जिथे शेवटचा राहिला, त्या घरासमोर तो बसवतात. आमच्या दारातल्या दगडावर एका बाईचं नाव आहे, जन्मसाल आहे आणि खाली लिहिलंय की 1943 मध्ये तिला इथून नेलं आणि आउश्वित्झमध्ये मारलं. सकाळी फिरून आल्यावर बाबा तिथे थांबायचे. एक दिवस म्हणाले, "काय गं, हिचं नाव तिकडे कुठे लिहून ठेवलं असेल का?"

आहे. आउश्वित्झच्या मुख्य छावणीतल्या 27 नंबरच्या ब्लॉकमध्ये नावांचं एक प्रचंड पुस्तक आहे. याद वाशेम या इस्रायलच्या संस्थेने ते केलंय. 2013 साली ते तिथे ठेवलं तेव्हा त्यात होलोकॉस्टमध्ये, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या हत्याकांडात, मारल्या गेलेल्या सुमारे 42 लाख ज्यूंची नावं होती. बाबांना ते पुस्तक बघायचं होतं. नुसतं समोर उभं राहून नव्हे, पान काढून.

म्हणजे आम्हाला तीन गोष्टी हव्या होत्या. तारीख, बाबांना समजेल अशा भाषेतला गाइड आणि ब्लॉक 27 साठी वेळ. इथेच घोडं अडलं.

स्मारकाची पद्धत तशी सरळ आहे. प्रवेश मोफत, पण पास नावावर असतो आणि दारात ओळखपत्राशी ताडून बघतात. गाइडबरोबरची फेरी साधारण साडेतीन तासांची, तिचे पैसे पडतात. गाइडशिवायचे मोफत पास थोडे असतात, तेही ठरावीक वेळांचे. आरक्षण साधारण तीन महिने आधी उघडतं. बाबांचं यायचं उशिरा ठरलं, आणि मी बघितलं तेव्हा आम्हाला हव्या त्या आठवड्यातल्या इंग्रजी फेऱ्या संपलेल्या होत्या. अशा वेळी जो तो मध्यस्थाकडे जातो. मीही गेले. त्यांच्याकडे तीच तारीख उपलब्ध होती! "इंग्रजी गाइडची हमी" असं ठळक अक्षरांत. किंमत कितीतरी पट. पैसे भरल्यावर पावती आली, तीत खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं: निघण्याची वेळ आदल्या दिवशी कळवू, ती पहाटे पाचपासून दुपारी तीनपर्यंत कधीही असू शकते.

पावतीवर नाव बघितलं तर बाबांचं नव्हतंच, आजोबांचं होतं. आपल्या पासपोर्टात 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं अशी दोन नावं असतात. यांच्या फॉर्मने त्यातलं मागचं उचललं. आजोबा 1981 सालीच गेले. बाबांना गंमत वाटली, मला नाही. जिथे नाव ताडून आत सोडतात तिथे हे चालणार नाही असं मी कळवलं. उत्तर आलं: "काळजी करू नका." पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. फोन केला तर आधी संगीत, मग एक मुलगा, जो अतिशय गोड आवाजात सांगायचा की हे दुसऱ्या विभागाकडे आहे. दुसऱ्या विभागाला फक्त ईमेल चालायचा. ईमेलला उत्तर यायचं: "काळजी करू नका." आपल्याकडच्या कचेरीत निदान टेबलापलीकडे माणूस बसलेला असतो, त्याच्या तोंडावर बोलता तरी येतं.

आम्ही बर्लिनहून थेट गाडीने क्राकोवला पोचलो. संध्याकाळी हॉटेलच्या स्वागतकक्षातल्या मुलीला बाबा वळिवड्याच्या छावणीची गोष्ट सांगत बसले: कोल्हापूरजवळ 1943 ते 1948 सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे. आणि लगेच शिक्षकी खुलासा, की ते लोक स्टालिनने सायबेरियात वगैरे हद्दपार केलेल्यांपैकी होते, हिटलरच्या छावण्यांतून आलेले नव्हते, दोन्हींची गल्लत करायची नाही. मुलीने हे कधी ऐकलेलं नव्हतं. ती फोनवर शोधायला लागली. मी मात्र माझा फोन हातात धरून वेळ कळायची वाट बघत होते.

रात्री मेसेज आला. उद्या इंग्रजी गाइड मिळू शकत नाही. त्याऐवजी 'गाइडबुक पर्याय': प्रत्येकाला एक छापील पुस्तिका देऊ, आत तुम्ही आपापले फिरा. प्रवेश दुपारी उशिरा, आणि सकाळ मोकळी असल्याने मिठाची खाण सवलतीत. खाली हसरा चेहरा. नाव अजून आजोबांचंच.

तो हसरा चेहरा मी बाबांना दाखवला नाही. फक्त सांगितलं, "बाबा, उद्याचं रद्द. तुम्ही झोपा." आणि लॅपटॉप उघडून अधिकृत साइटवर बसले.

त्या रात्री जे कळलं ते तुम्हाला घरबसल्या सांगते. लोक पास रद्द करतात, त्या जागा अधूनमधून परत दिसतात, तेव्हा पान पुन्हा पुन्हा उघडून बघायचं. आणि फक्त इंग्रजी बघू नका. पोलिश, जर्मन, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश अशा बऱ्याच भाषांच्या फेऱ्या असतात आणि इंग्रजी संपली तरी बाकीच्यांत जागा असू शकते. मला जर्मन येतं. मध्यरात्रीनंतर परवाच्या जर्मन फेरीत दोन जागा दिसल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशीचे गाइडशिवायचे दोन मोफत पासही मिळाले, संध्याकाळकडचे. बाबांचं पूर्ण नाव मी पासपोर्ट समोर ठेवून एकेक अक्षर बघत टाइप केलं. हॉटेलचा मुक्काम वाढवला. फेरीचे पैसे भरले ते मध्यस्थाला मोजलेल्या रकमेच्या पासंगालाही पुरणारे नव्हते. (मध्यस्थाचे पैसे परत आले, पण बँकेकडे तक्रार केल्यावर. म्हणून क्रेडिट कार्डानेच भरा आणि तो रात्रीचा मेसेज जपून ठेवा.)

इतका सगळा त्रास कशाला, बर्लिनजवळ झाक्सेनहाउझेनची छावणी आहेच, असं मला ऑफिसात एकाने विचारलं. खरं आहे, ओरानिएनबुर्गपर्यंत लोकल जाते, प्रवेश मोफत, पासही लागत नाही. म्युनिकजवळ डाखाऊ, वायमारजवळ बुखेनवाल्ड, तिथेही प्रवेश मोफतच. वेळ कमी असेल तर जरूर तिथे जा. पण आमच्या दारातली बाई तिकडे नव्हती.

क्राकोवहून आउश्वित्झ साधारण 70 किलोमीटर. गावाचं पोलिश नाव ओश्विएंचिम, बसवर तेच लिहिलेलं असतं. बस संग्रहालयाजवळ सोडते. आगगाडीने गेलात तर स्टेशनपासून पंधरा-वीस मिनिटं चालावं लागतं. अर्धा तास आधी पोचा, विमानतळासारखी तपासणी होते. पिशवी 35 बाय 25 बाय 15 सेंटिमीटरपेक्षा मोठी चालत नाही.

तपासणीनंतर काँक्रीटच्या भिंतींमधून एक वाट छावणीकडे जाते. तिथे बळींची नावं वाचली जात असतात, एकामागून एक, आवाज न चढवता. आमच्या गटातले जर्मन लोक तोवर आपसात बोलत होते, ते गप्प झाले. पुढचे साडेतीन तास त्यांच्यातलं जवळजवळ कुणीच बोललं नाही. मीच काय ती एका ब्लॉकमधून दुसऱ्याकडे जाताना बाबांच्या कानाशी मराठीत कुजबुजत होते. गाइडबाईंनी त्याला हरकत घेतली नाही, उलट पायऱ्यांवर आमच्यासाठी थांबायच्या. या पायऱ्या लाखो लोकांच्या पायांनी मध्ये खोल झिजल्यात, गुडघेदुखी असणाऱ्यांनी सांभाळून.

ब्लॉक 4 मध्ये काचेमागे केस आहेत, सुमारे दोन टन. तिथे आणि ब्लॉक 11 च्या तळघरात फोटो काढायला मनाई आहे. ब्लॉक 5 मध्ये बूट, भांडी आणि सूटकेसेस. सूटकेसेसवर खडूने किंवा रंगाने नावं, गावं, जन्मतारखा लिहिलेल्या. सामान परत मिळेल या समजुतीने लिहिलेल्या. मला वाटलं होतं बाबा प्रश्न विचारतील, ते नुसते वाचत होते.

प्रश्न त्यांनी विचारला तो बिर्केनाऊला, म्हणजे आउश्वित्झच्याच दुसऱ्या छावणीत. तिकडे मोफत बस जाते. रूळ संपतात तिथे, उडवून दिलेल्या गॅस चेंबरच्या ढिगाऱ्यांच्या मधोमध स्मारक आहे, आणि अनेक भाषांतल्या पाट्या. बाबांनी गाइडबाईंना विचारलं, "पाटीवर 'सुमारे 15 लाख' असं आहे, तुम्ही मघाशी 11 लाख म्हणालात, हे कसं?" मी भाषांतर केलं. गाइडबाईंनी सांगितलं की 1990 पर्यंत तिथे 40 लाख हा आकडा होता, सोव्हिएत चौकशीतून आलेला. तो उतरवून 15 लाखांच्या या नव्या पाट्या बसवल्या. 11 लाखांचा आकडा मात्र संग्रहालयाचे इतिहासकार फ्रान्चिशेक पीपर यांचा, त्यांनी गाड्यांच्या नोंदींवरून हिशोब केला: आणले गेले सुमारे 13 लाख, मेले सुमारे 11 लाख, त्यात जवळपास 10 लाख ज्यू. बाकीच्यांत पोलिश, रोमा (म्हणजे जिप्सी) आणि सोव्हिएत युद्धकैदी. हत्याकांड झालंच नाही म्हणणारे या बदललेल्या आकड्याचंच भांडवल करतात, असंही त्या म्हणाल्या. बाबांना हे उत्तर फार पटलं. चूक दुरुस्त करणाऱ्या इतिहासावर विश्वास ठेवायचा, हे त्यांनी वर्गात आयुष्यभर सांगितलंय. परतीच्या बसमध्ये त्यांनी मलाही पुन्हा सांगितलं.

गाइडच्या फेरीत ब्लॉक 27 ला वेळ पुरत नाही. नावं शोधायची असतील तर दुसरा पास घ्याच, किंवा काही दिवशी सहा तासांची अभ्यासफेरी असते ती बघा. आणि घरून तयारी करून जा. ज्यांना जर्मनीतून नेलं त्यांच्यासाठी जर्मन संघीय अभिलेखागाराचा स्मृतिग्रंथ इंटरनेटवर आहे, त्यात जन्मतारीख आणि नेल्याची तारीख मिळते. बाकी देशांसाठी याद वाशेमची यादी आणि नाझींच्या बळींच्या नोंदी ठेवणारं जर्मनीतलं आरोल्सनचं अभिलेखागार, दोन्ही फुकट. आम्ही जन्मतारीख कागदावर उतरवून नेली होती. शिवाय बर्लिनच्या ग्रूनेवाल्ड स्टेशनवर, फलाट 17 वर, जिथून गाड्या सुटल्या तिथे लोखंडी पट्ट्यांवर तारीख, माणसांची संख्या आणि गंतव्य कोरलंय. तिच्या गाडीची तारीख बाबांनी तिथे आधीच शोधून ठेवली होती.

दुसऱ्या संध्याकाळी गर्दी कमी होती. पुस्तकाची पानं माणसाच्या अर्ध्या उंचीहून मोठी, बारीक छपाई, आडनावाच्या क्रमाने. तिचं आडनाव म्हणजे आपल्याकडचं पाटील, पानंच्या पानं. त्यात पहिलं नावही तेच असलेल्या बऱ्याच जणी. बाबा चष्मा कपाळावर सरकवून एकेका ओळीवर बोट न टेकवता फिरवत होते. मागे एक कुटुंब थांबलेलं, मी त्यांना पुढे जाऊ दिलं, बाबा पुन्हा पहिल्यापासून. शेवटी जन्मतारीख जुळली. "ही बघ," म्हणाले. पुढे तिचं गाव, बर्लिन, आणि मृत्यूचं ठिकाण. त्यांनी ती ओळ वहीत जशीच्या तशी उतरवली, पानाच्या कडेला दिवस-वेळ घातली आणि मग म्हणाले, "आता पाणी दे."

पाण्यावरून आठवलं. बिर्केनाऊला सावली जवळजवळ नाही, जमीन खडबडीत आहे आणि चालणं बरंच. टोपी, पाणी, जुने सवयीचे बूट. 14 वर्षांखालच्या मुलांना आणू नये असा स्मारकाचा सल्ला आहे, तो माना. हिवाळ्यात पास सहज मिळतो म्हणतात, पण तेव्हा दरवाजे लवकर बंद होतात, म्हणून सकाळची वेळ घ्या. 1 जानेवारी, ईस्टरचा रविवार आणि 25 डिसेंबर या दिवशी बंद असतं.