नव्या घराचं जुनं सोंग

इंग्लंडच्या उत्तर टोकाला, नॉर्थम्बरलँडमधल्या रॉथबरीजवळ, कड्याच्या कुशीत क्रॅगसाइड नावाचं एक घर आहे. उंच धुराडी, टोकदार छपरं, दर्शनी भिंतींवर काळ्या लाकडांची चौकट. पाहणाऱ्याला वाटावं, तीनचारशे वर्षं तरी झाली असतील. खरं तर हा सगळा पसारा व्हिक्टोरिया राणीच्या काळातला. शिवाय त्या मुलखात घरं दगडाची. लाकडी चौकटींची धाटणी तिथली नव्हेच.

मालक विल्यम आर्मस्ट्राँग हा न्यूकॅसलचा कारखानदार. तोफा आणि पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या क्रेन बनवून गब्बर झालेला. सुटीपुरतं बांधलेलं छोटं घर वाढवायला त्याने १८६९ मध्ये रिचर्ड नॉर्मन शॉ या वास्तुरचनाकाराला बोलावलं, आणि पुढची पंधराएक वर्षं ते घर वाढतच राहिलं. मला शॉची खरी करामत इथे दिसते: तो घर नव्हे, वंशावळ बांधत होता. पिढीजात वाडा नसेल तर तो असा नव्याने जुना करून घ्यावा लागतो.

आत मात्र सगळं उलटं. डोंगरातले ओढे अडवून तळी केली, त्या पाण्यावर लिफ्ट चालवली, स्वयंपाकघरात मांस भाजायची सळई फिरवली. १८७८ मध्ये चित्रांच्या दालनात त्याच पाण्याच्या विजेवर दिवा लागला, आणि १८८० मध्ये जोसेफ स्वान या मित्राने बनवलेले बल्ब आले. ग्रंथालयातले दिवे तर भलतेच नखरेल. मीनाकाम केलेल्या तांब्याच्या फुलदाण्यांवर बल्ब, आणि फुलदाणीच्या बुडाशी वीज पोचवणारा पारा. दिवा मालवायचा तर बटण नाही; फुलदाणीच जागेवरून उचलायची! विजेलासुद्धा तिथे शोभेची वस्तू बनून राहावं लागलं.

दिवाणखान्यातली संगमरवरी शेकोटी मात्र मला अजिबात आवडत नाही. दहा टनांची म्हणतात. इतकी कोरलेली की विस्तवाकडे लक्षच जात नाही. १८८४ मध्ये युवराज आणि युवराज्ञी मुक्कामाला आले, त्यांच्यासाठी हा थाट. तीन वर्षांनी आर्मस्ट्राँग बॅरन, म्हणजे उमराव, झाला. घर त्याच्या कितीतरी आधीपासून बॅरनचंच दिसत होतं.

आणि ती पाण्यावरची लिफ्ट? नोकरांना वरच्या मजल्यांवर कोळसा न्यायला. वीज आली तरी खोलीखोलीतल्या शेकोट्या काही सुटल्या नव्हत्या.