चॅरिटी राइडची तयारी: आठ सायकली आता एका रेषेत

मागची नोंद लिहिली तेव्हा आमची टीम म्हणजे एकाच रस्त्याने एकाच दिशेला चाललेले आठ सुटे सायकलस्वार होते. आता तसं राहिलेलं नाही. गेल्या रविवारी सपाट रस्त्यावर आम्ही बराच वेळ ताशी २७ किलोमीटरचा वेग धरून होतो. थांबल्यावर सगळ्यात मागे असलेल्या ताई आपणहून म्हणाल्या, "आज कुठेही तुटले नाही," म्हणजे रेषेपासून मागे सुटल्या नाहीत. आतापर्यंतच्या तयारीतली ही मला सर्वांत मोठी गोष्ट वाटते. माझ्या स्वतःच्या आकड्यांपेक्षाही मोठी.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. कॅन्सरच्या रुग्णांसाठी निधी उभा करणारी ही १६० किलोमीटरची राइड आहे. ती एका दिवसात पुरी करायची आहे आणि चढ बहुतेक सगळे शेवटच्या टप्प्यात आहेत. शर्यत नाही, क्रमांक नाहीत. आम्ही ठरवलंय की आठही जण एकत्र पोचायचं. या एका निर्णयाने तयारीची सगळी मांडणीच बदलली. एकट्याने तयारी करताना आपण किती जोरात जाऊ शकतो हे बघायचं असतं. इथे बघायचं ते हे, की आमच्यातला सगळ्यात दमलेला माणूस १२० व्या किलोमीटरला कुठल्या अवस्थेत असेल. आणि ते जितकं त्याच्या पायांवर अवलंबून आहे, तितकंच पुढे असलेल्याच्या पायांवर.

याचं कारण हवा. सपाट रस्त्यावर या वेगात आपली बहुतेक ताकद हवा कापण्यातच खर्च होते, आणि हवेसाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. पुढच्याच्या चाकामागे नीट बसलं की साधारण पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचते. हे बहुतेकांना माहीत असतं. घनाचा हिशोब मात्र फारसा कोणी मांडून बघत नाही. मागे आराम करून ताजा झालेला गडी पुढे येतो आणि उत्साहात २७ चा वेग ३० वर नेतो. घड्याळात फक्त तीनचा फरक दिसतो, पण हवेशी लढायची ताकद जवळजवळ ३७ टक्क्यांनी वाढते. पुढच्याला ते जाणवत नाही, कारण तो ताजा असतो. मागे जो जेमतेम टिकून आहे, त्याचा राइडचा उरलेला दिवस तिथेच बिघडतो.

म्हणून आमचा नियम असा: वेग सगळ्यांना एकच, पुढे राहायची वेळ ज्याची त्याची. जो दमदार आहे त्याने पाच मिनिटं पुढे राहावं, ज्याला जड जातंय त्याने अर्ध्या मिनिटात बाजूला व्हावं. काहीच न करता लगेच मागे गेलं तरी कोणी काही म्हणत नाही. हा नियम पाळायला जोरदार माणसांनाच जास्त कठीण गेला. आपली ताकद वेगातून दाखवायची सवय असते, ती वेळेतून दाखवायला शिकावं लागतं.

बाजूला होण्याचीही एक रीत बसवावी लागली. पुढचा आधी मागे नजर टाकतो, कोपर हलवून खूण करतो, बाजूला सरकतो आणि मगच पेडल सैल सोडतो. रेषेत असतानाच सैल सोडलं तर मागचा थेट चाकावर येतो. मागे मागे येताना शेवटची सायकल कोणती हे त्याला कळत नाही, म्हणून शेवटचा माणूस मोठ्याने "शेवटची" म्हणतो. तो शब्द ऐकला की लगेच पेडलवर जोर द्यायचा. शेवटचं चाक निघून गेल्यावर जोर लावला तर हातभर अंतर भरून काढायला छोटा स्प्रिंट मारावा लागतो, आणि असे स्प्रिंट दिवसभरात साठत जातात.

वळणांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण ही गोष्ट मला मागच्या चाकावर बसूनच समजली. आठ सायकली एका रेषेत वळतात तेव्हा पहिली वळून सरळ झालेली असते आणि आठवी अजून ब्रेक धरून असते. पहिल्याने त्या क्षणी नेहमीसारखा वेग घेतला, अगदी सहज घेतला, तरी दुसऱ्याला थोडं जास्त रेटावं लागतं, तिसऱ्याला त्याहून जास्त. आठव्यापर्यंत ते पोचतं तेव्हा उभं राहून दामटायची पाळी आलेली असते. पुढच्याला वाटतं वेग एकसारखा आहे. मागच्याचा आलेख नुसता करवतीचे दात. आता वळल्यावर पुढचा हलकं पेडल मारत राहतो, आणि मागून "सगळे आले" ही आरोळी पुढेपर्यंत पोचली की हळूहळू वेग घेतो. प्रत्येक वळणाला काही सेकंद जातात. त्या बदल्यात शेवटच्या तीन सायकलींचे पाय शाबूत राहतात.

दुसरी बारीक गोष्ट सॅडलवरून, म्हणजे सीटवरून, उठण्याची. माणूस एकदम उभा राहतो तेव्हा त्याची सायकल क्षणभर मागे येते. मागचा अर्ध्या चाकाच्या अंतरावर असेल तर टेकलंच. आणि चाकाला चाक लागलं की पडतो तो मागचा, कारण त्याचं पुढचं चाक अडकतं आणि सायकल सांभाळणं त्याच्या हाती राहत नाही. उपाय सोपा आहे, सराव मात्र लागतो. उठण्याआधी एक गिअर जड करायचा, "उभा" म्हणून सांगायचं, आणि एक पाय वरून खाली जोर देत असतानाच उठायचं, म्हणजे पेडलवरचा दाब तुटत नाही. आम्ही हे रिकाम्या रस्त्यावर दोघादोघांच्या जोड्या करून घोटलं. मागच्याने समोरच्या टायरकडे टक लावून बघायचं नाही, त्याच्या खांद्यावरून पुढचा रस्ता बघायचा, हेही त्याच सरावात अंगवळणी पडलं.

चढावर हे सगळं गुंडाळून ठेवतो. तिथे वेगच इतका कमी असतो की चाकामागे बसून फारसं काही वाचत नाही, लढाई वजनाशी असते. कोणाच्या तरी मागे रेटत राहण्यापेक्षा प्रत्येकाने आपापल्या गतीने चढावं आणि माथ्यावर थांबावं. थांबण्याबद्दल मात्र कडक नियम आहे: शेवटचा माणूस पोचला की लगेच निघायचं नाही. नाहीतर ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही. त्याने पाणी प्यावं, श्वास खाली यावा, त्याने "चला" म्हणावं, मग निघावं.

चढाचाच विषय निघालाय तर गिअरचं सांगतो. टीममधल्या एकांचे गुडघे पुढच्या बाजूने दुखत होते आणि सगळे त्यांना ताकद वाढवा म्हणत होते. मी गणित मांडून बघितलं. पुढच्या चकतीला ३४ दात, मागच्या सर्वांत मोठ्या चकतीला २८, चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. ताशी १० च्या वेगाने चढताना त्यांचा केडन्स, म्हणजे मिनिटाला पेडलच्या फेऱ्या, ६५ च्या आसपास येतो. म्हणजे प्रत्येक फेरीत गुडघ्यावर ओझं. मागे ३४ दातांची चकती लावली तर त्याच वेगाला केडन्स ७९ होतो. कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बदलली. मागच्या डेरेलरला (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाला) तेवढी मोठी चकती झेपते का ते आधी बघून घ्या, सगळ्यांना झेपत नाही. सॅडलही थोडं वर घेतलं, कारण खाली असलेलं सॅडल गुडघ्याच्या पुढच्या दुखण्याचं नेहमीचं कारण असतं. आता ते चढ बसून चढतात आणि वर पोचल्यावर बोलू शकतात. चॅरिटी राइडला येणाऱ्या प्रत्येकाने पायांना दोष देण्याआधी चकत्यांचे दात मोजावेत असं माझं ठाम मत आहे.

आता एकमेकांशी बोलायची भाषा. दोघांकडे पॉवर मीटर (पेडलवरची ताकद मोजणारं यंत्र), चौघांकडे हार्ट रेटचा पट्टा, दोघांकडे काहीच नाही. सगळ्यांना चालेल असं एकच माप सापडलं: स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची श्रमाची पट्टी. ती ६ पासून २० पर्यंत जाते. ६ म्हणजे काहीच कष्ट नाहीत, २० म्हणजे जीव तोडून. सुरुवात ६ ने होते, कारण आकड्याला दहाने गुणलं की हृदयाचे ठोके ढोबळमानाने मिळावेत अशीच तिची रचना आहे. आम्ही दर अर्ध्या तासाने पुढून मागे आकडे विचारतो. लांबच्या राइडला सगळे ११ ते १३ मध्ये हवेत. कोणी १५ म्हटलं की पुढचा वेग उतरवतो, चर्चा नाही. "बरा आहेस ना?" विचारलं तर सगळेच "हो" म्हणतात. आकडा विचारला की खरं उत्तर येतं.

माझ्यापुरतं एक निरीक्षण. तीन तासांच्या एकसारख्या राइडचे दोन भाग करून मी तुलना करतो: ताकद तीच असताना दुसऱ्या भागात ठोके किती वर सरकतात. सुरुवातीला १३८ वरून १४८ पर्यंत जायचे, म्हणजे सात टक्क्यांच्या वर. आता १४३ ला थांबतात, साडेतीन टक्क्यांच्या आसपास. पाच टक्क्यांच्या आत राहिलं की दमसासाचा पाया बसला असं साधारण मानतात. उन्हात आणि पाणी कमी पडलं की हेच आकडे फुगतात, म्हणून तुलना सारख्या हवेतल्याच राइडची करावी. या सुधारणेला कारण आठवड्याच्या मधले जोरकस इंटरव्हल (थोडा वेळ जोरात, थोडा वेळ सावकाश असे टप्पे) नाहीत, सावकाश केलेले लांब पल्ले आहेत. इंटरव्हल मी आठवड्यातून एकदाच ठेवलेत.

खाण्याचा सराव आम्ही सायकलिंगइतकाच गांभीर्याने घेतलाय. शरीरातलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, जोरात चालवताना दीड-दोन तासांत बरंच संपतं. पुढचे तास खिशातल्या आणि बाटलीतल्या कर्बोदकांवर काढायचे असतात. नुसतं ग्लुकोज आतड्यांतून तासाला साधारण ६० ग्रॅमच शोषलं जातं. फ्रुक्टोजची वाट वेगळी असल्यामुळे दोन्ही मिळून ९० पर्यंत जाता येतं. आम्ही ६० च्या आसपास राहतो, कारण पोटालाही हळूहळू सवय लावावी लागते. राइडच्या दिवशी नवं काहीही खायचं नाही. पुढे असताना कोणी खात नाही. मागे आल्यावर आधी खायचं, मग प्यायचं, हा क्रम ठरलेला आहे.

निधीचं काम समांतर चालू आहे. "पैसेच द्यायचे तर सरळ द्या की, सायकल कशाला?" असं विचारणारे भेटतात. मी त्यांना अमेरिकेतल्या पॅन-मास चॅलेंजचं सांगतो. १९८० मध्ये बिली स्टार यांनी ३६ सायकलस्वारांना घेऊन ती सुरू केली, आणि आज ती बॉस्टनच्या डेना-फार्बर कॅन्सर इन्स्टिट्यूटसाठी निधी उभा करणारी फार मोठी राइड आहे. प्रत्येक सायकलस्वार आपल्या ओळखीच्या माणसांकडे जातो, राइड कशासाठी ते सांगतो, आणि एरवी ज्यांच्यापर्यंत हा विषय गेलाच नसता त्यांच्यापर्यंत तो पोचतो. आमच्या टीमला सर्वाधिक देणगीदार मिळवून दिले ते शेवटच्या चाकावरच्या ताईंनी. प्रत्येक लांब राइडनंतर त्या देणगीदारांना चार ओळी लिहून पाठवतात: किती झालं, काय जमलं. आता आम्ही सगळेच ते करतो.

पुढचं वेळापत्रक असं. आणखी दोन लांब राइड, त्यातली मोठी १३० किलोमीटरची, चढ मुद्दाम शेवटी ठेवून. आडव्या वाऱ्याचा सराव कमी पडलाय. वारा बाजूने आला की आसरा चाकाच्या थेट मागे मिळत नाही, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला तिरकं सरकून बसावं लागतं, आणि चालू रस्त्यावर आठ सायकलींना तेवढी रुंदी मिळणार नाही. म्हणून चार-चारच्या दोन तुकड्या करून बघणार आहोत, प्रत्येक तुकडीत दोन दमदार माणसं. शेवटचे दोन आठवडे अंतर निम्म्यावर आणायचं, जोर मात्र अधूनमधून तोच ठेवायचा. त्याआधी सगळ्यांच्या चेन मोजून घ्यायच्या आहेत. अकरा-बारा स्पीडची चेन ०.५ टक्के ताणली असेल तर आताच बदलायची, म्हणजे नवी चेन राइडच्या आधी थोडी चालवून होईल.

चार-चारच्या तुकड्यांनी आडव्या वाऱ्यात कोणी चालवलं असेल, तर दोन तुकड्यांमध्ये अंतर किती ठेवलं आणि पुढची तुकडी मागचीसाठी कुठे थांबायची, ते जरूर कळवा.