अकरा नंबरची खोली

नाशिकच्या गंगापूर रस्त्यावरच्या अठरा खोल्यांच्या एका बुटीक हॉटेलात मी फ्रंट ऑफिस सांभाळते. त्याआधी नऊ वर्षे जुहूच्या एका मोठ्या हॉटेलात काढली असल्याने नामवंत पाहुणे, त्यांचे बाउन्सर आणि फाटकाशी ताटकळणारे छायाचित्रकार यांचे मला अप्रूप उरलेले नाही. तरीही गेल्या जानेवारीतली एक रात्र आणि तिच्या पुढची सकाळ माझ्या मनातून जात नाही.

दुपारी मुंबईहून एका अभिनेत्रीच्या सचिवाचा फोन आला. एका रात्रीसाठी एक खोली हवी होती आणि नाव बाहेर फुटता कामा नये, अशी अट होती. असे फोन आम्हाला नवे नाहीत. ओळखपत्र घेऊन पाहुण्याचे खरे नाव नोंदवहीत लिहावेच लागते, पण किचन आणि हाउसकीपिंगकडे जाणाऱ्या खोल्यांच्या यादीत दुसरे नाव टाकता येते. अकरा नंबरपुढे मी ‘सौ. जोशी’ असे लिहिले आणि मालकांना कळवले.

मालकांचा आनंद मला समजत होता. द्राक्षबागा आणि वाइनरी पाहायला मुंबई-पुण्याची माणसे येऊ लागल्यापासून नाशिकच्या या बाजूला नवनवी हॉटेले उभी राहत आहेत, आणि आमच्यावर बँकेचे कर्ज आहे. त्यांनी लगेच सांगितले, “फक्त एक फोटो घ्या, लॉबीतल्या त्या निळ्या भिंतीपुढे. पुढच्या सहा महिन्यांचं बुकिंग होईल.” त्यांचे म्हणणे धंद्याच्या दृष्टीने चुकीचे नव्हते. बुटीक हॉटेलांचा हा आमचा प्रकार रूढ केला तो न्यूयॉर्कमध्ये ‘स्टुडिओ 54’ नावाचा नाइट क्लब चालवणाऱ्या इयान श्रेगर आणि स्टीव्ह रुबेल या जोडीने. 1984 मध्ये त्यांनी ‘मॉर्गन्स’ हे छोटेखानी हॉटेल उघडले आणि मोठी हॉटेले म्हणजे डिपार्टमेंट स्टोअर, आमचे मात्र बुटीक, अशी तुलना करून या प्रकाराला नाव मिळवून दिले. 1988 च्या त्यांच्या ‘रॉयल्टन’ची लॉबी डिझायनर फिलिप स्टार्कने सजवली आणि लॉबी ही किल्ली घेण्याची जागा न राहता चारचौघांत दिसण्याची जागा झाली. म्हणजे कोण येऊन गेले यावर हॉटेलचे नाव मोठे होते, आणि जो येतो तो मात्र कोणी पाहू नये म्हणून जास्तीचे पैसे मोजतो. या दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली सांभाळणे हेच आमचे काम आहे आणि ते शिकायला मला पुष्कळ वर्षे लागली.

गाडी रात्री साडेनऊला आली. बाई एकट्याच उतरल्या. बाउन्सर नव्हता, मेकअपच्या पेट्या नव्हत्या. हातात लाल कापडात बांधलेला एक कलश होता. पोर्चच्या पायरीशी त्या थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, “ताई, बाबांच्या अस्थी आहेत. घरात नेत नाहीत ना? बाहेर कुठे टांगता येतील?”

अस्थी उंबऱ्याच्या आत आणू नयेत, झाडाला बांधाव्यात, ही रीत आमच्याही घरी पाळतात. पण हॉटेलच्या प्रशिक्षणात हा प्रश्न कोणी शिकवलेला नसतो. पुढच्या अंगणातल्या चाफ्यावर दिव्यांच्या माळा होत्या आणि त्याखाली पाहुण्यांची टेबले मांडलेली होती. शेवटी मी त्यांना सर्व्हिस गेटने मागे नेले. तिथे लाँड्रीच्या भिंतीलगत जुना कडुनिंब आहे. आमच्या वॉचमनमामांनी चपला बाजूला काढल्या, हात धुतले आणि कलशाचे कापड एका फांदीला दोन गाठी मारून बांधले. मग स्वतःची खुर्ची तिथेच आणली आणि म्हणाले, “मी आहे रात्रभर. तुम्ही निवांत झोपा, पोरी.” मामांनी बाईंना ओळखले होते की नाही, हे मी कधी विचारले नाही.

मालकांचा पुन्हा फोन आला तेव्हा मी त्यांना सगळे सांगितले. थोडा वेळ ते गप्प राहिले. मग इतर पाहुण्यांना झाड दिसते का, एवढेच त्यांनी विचारले. दिसत नाही म्हटल्यावर फोटोचा विषय त्यांनी काढला नाही.

पहाटे पाचला चांगलीच थंडी होती. हॉटेलची गाडी सोबत असती तर नजरा वळल्या असत्या, म्हणून मी माझ्याच गाडीतून त्यांना रामकुंडावर नेले. गोदावरीवर धुके होते आणि काठावर दहा-बारा माणसे होती. गुरुजींनी आधी आडनाव आणि मूळ गाव विचारले आणि घरी जाऊन लाल खारव्याच्या बांधणीची एक लांबट वही घेऊन आले. नाशिकच्या तीर्थोपाध्यांकडे यजमानांच्या कित्येक पिढ्यांच्या नोंदी असतात हे ऐकून होते. त्या दिवशी जवळून पाहिले. पणजोबांची नोंद मोडीत होती. तिच्याखाली आजोबांची बाळबोध लिपीतली सही होती, आणि त्याच्या खाली, शाई थोडी फुटलेली, वडिलांची. ते आजोबांच्या अस्थी घेऊन आले होते. बाईंनी त्या सहीवर बोट ठेवले आणि बराच वेळ काढले नाही. मग गुरुजींनी पेन पुढे केले. पडद्यावरच्या नावाचे पहिले अक्षर त्यांनी लिहिले, ते खोडले आणि आईवडिलांनी ठेवलेले नाव आडनावासह लिहिले.

अस्थी पाण्यात सोडून त्या पायऱ्या चढत होत्या, तेव्हा एका तरुणाने त्यांना ओळखून मोबाइल वर केला. मी पुढे होणार तोच फुले विकणाऱ्या एका आजीबाईंनी त्याच्या मोबाइलपुढे हात धरला. “बाप गेलाय तिचा, दिसत नाही का रे?” तो मुलगा खरोखर ओशाळला. माझ्या माहितीप्रमाणे तो फोटो कुठेही आला नाही.

परत आल्यावर त्यांनी अंघोळ करून गरम वरण-भात मागितला. आमच्या मेन्यूवर तो नाही, पण शेफने स्टाफसाठी लावलेल्या कुकरमधला काढून वर तूप घालून पाठवला. बारा वाजता त्या निघाल्या. जाताना मागच्या अंगणात जाऊन त्यांनी मामांना वाकून नमस्कार केला.

संध्याकाळी शिफ्टच्या लॉगबुकात मी अकरा नंबरची नोंद लिहिली: सौ. जोशी, एक रात्र, बिल पूर्ण जमा. ‘विशेष’ हा रकाना मी कोराच ठेवला.